कौटुंबिक कायदा, सकाळी सात वाजता

लॉच्या तीन वर्षांत माझ्याकडे दोनच गोष्टी भरपूर साठल्या. एक झेरॉक्स आणि दुसरे किस्से. झेरॉक्स मागच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याने नेल्या. किस्से कोण नेणार? ते घरातच फिरत राहतात. कुकर लावलेला असतो, शिट्ट्या मोजत मी ओट्यापाशी उभी असते, तेवढ्यात एखादा आठवतो आणि मग तीन झाल्या की चार ते कळतच नाही. आमच्याकडे हल्ली भात जरा गिजगोळाच होतो. घरचे आता काही बोलत नाहीत!

मी वर्षा. गंगापूर रोडवरच्या एका मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी लॉला अ‍ॅडमिशन घेतली. लोक विचारायचे, "आता? कशाला?" मी सांगायचे, "कॉलेज सकाळी सातला, दुकान दहाला. मधला वेळ रिकामाच होता." कुणाला पटायचं नाही, पण विषय मिटायचा.

सात वाजता पहिला तास कौटुंबिक कायद्याचा. पटावर साठ जण, वर्गात पंधरा. खिडकीबाहेर कुणाचा तरी द्राक्षाचा मळा होता आणि डिसेंबर-जानेवारीत त्यावर असं धुकं उतरायचं की मळा आहे हे आपण फक्त आठवणीने म्हणायचं. पगारे सर पन्नाशीचे. गळ्यात मफलर, हातात पुस्तक, आणि नजर खिडकीबाहेर. धुक्यातच कुठेतरी कलमं लिहिली आहेत आणि आपण ती वाचून दाखवतोय, असं शिकवायचे. आवाज इतका मऊ की अर्धा वर्ग झोपेत असायचा आणि उरलेला अर्धा स्वप्नात. पोटगी, दत्तक, वारसा हे सगळे शब्द मला आजही ऐकू येतात ते थोडे लांबून, थोडे ओलसर.

आमचा बाक चौघांचा. देवळाली कॅम्पचे आहेर सुभेदार, तोफखान्यातून रिटायर झालेले. तोफांनी त्यांचा डावा कान नेला होता. मखमलाबादच्या मंदाताई, ज्या पहाटे फुलबाजारात झेंडू देऊन मग वर्गात यायच्या. मुक्त विद्यापीठातून त्यांनी बी.ए. केलं होतं, मुलाच्या बरोबरीने. त्यांच्या वहीत पानापानावर पाकळ्या निघायच्या. तिसरी प्रांजल, तेवीस वर्षांची, नाशिकरोडची. आणि चौथी मी.

*

पहिला विषय विवाह. सर म्हणाले, "ज्या लग्नात सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. त्याआधी नाही."

सुभेदार उभे राहिले. वर्गात बोलायचं तर ते उभं राहूनच बोलायचे, जवळजवळ सावधान!

"सर, सहाच पडली असतील तर?"

"कुणाची?"

"माझी."

आता सगळे जागे झाले. सुभेदार सांगायला लागले. लग्नाला म्हणून सुट्टी मिळालेली, आणि ऐन लग्नाच्या सकाळी तार आली. सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा. गावात दिवसाला एकच एसटी. भटजींनी सगळं भराभर आवरलं, सप्तपदी सुरू झाली, सहावं पाऊल पडलं आणि वळणावर धूळ दिसली. मामा ओरडला, "हरी, बस!"

"मला वाटलं, खाली बस म्हणतायत. मी पाटावर बसलो! मग लक्षात आलं. तसाच उठलो, ट्रंक खांद्यावर टाकली आणि पळालो."

आम्ही हसलो, सुभेदार काही हसले नाहीत. रिटायर झाल्यावर ते देवळालीला राहिले, कारण सकाळच्या बिगुलाशिवाय त्यांना जाग यायची नाही. बायको, कमलबाई, निफाडजवळच्या गावी. तीस वर्षं त्यांनी एकटीने द्राक्षं सांभाळलेली, त्या कशाला गाव सोडतील? भांडण नाही, तंटा नाही. फक्त त्या तिकडे आणि हे इकडे. रविवारी जायचे, जेवायचे, यायचे.

पुढच्या सोमवारी सुभेदार वर्गात आले. सर म्हणाले, "विचारलंत का घरी?"

"विचारलं सर. ती भाकरी थापत होती. म्हटलं, 'अगं, आपली सात झाली होती का?' वर न बघता म्हणाली, 'माझी झाली. तुम्ही पळाले. भटजी म्हणले, चाल बाई. मी एकटीच चालले सातवं.'"

प्रांजलने हळूच विचारलं, "म्हणजे काका?"

"म्हणजे बेटा, तिचं लग्न झालंय. माझं बाकी आहे!"

महिनाभराने सुभेदारांना उशीर व्हायला लागला. जो माणूस पावणेसातला बाकावर ताठ बसलेला असायचा, तो साडेसातला घाम पुसत दारात. सरांनी तीन-चार दिवस बघितलं आणि विचारलं.

सुभेदार म्हणाले, "सॉरी सर. सातवं पाऊल लांब पडलं. निफाडहून येतो आता."

*

पगारे सर अविवाहित होते. कौटुंबिक कायदा शिकवणारा माणूस आणि स्वतःचं कुटुंब नाही! मागच्या बाकावरच्या मुलांना राहवेना. एकाने शेवटी विचारलंच, "सर, तुम्ही लग्न का नाही केलं?"

सरांनी खिडकीवरची नजर काढली नाही. म्हणाले, "मी अभ्यासक्रम आधी वाचला."

वर्ग खदखदला. सरही हसले. मग त्यांनी पुढचं कलम सुरू केलं आणि दोन वाक्यांनंतर मधेच थांबले. धुक्यात बाहेर कुणी तरी बाई मळ्यातून डोक्यावर काहीतरी घेऊन चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत सर थांबले. मग म्हणाले, "कुठे होतो आपण?" कुणालाच आठवेना.

*

प्रांजलला बघायला पुण्याचे पाहुणे आले, तेव्हा आमचा घटस्फोटाचा भाग चालू होता. हा सगळा प्रकार तिने दुसऱ्या दिवशी आम्हाला साग्रसंगीत सांगितला.

चतुर्थी होती म्हणून पोह्यांऐवजी साबुदाणा वडे. मुलाची आई, वडील, एक काका. मुलगा गालिच्याकडे बघत बसलेला. मुलाच्या आईने प्रेमाने विचारलं, "मग, सध्या काय चालू आहे तुझं?"

प्रांजल आदल्या संध्याकाळपासून नोट्स काढत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "सध्या घटस्फोट."

काकांचा वडा हातातच राहिला. तिच्या बाबांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे अभ्यासाला!" ती घाईघाईने म्हणाली. "लग्न मागच्या महिन्यात झालं माझं... म्हणजे चॅप्टर! लग्नाचा चॅप्टर!"

मुलाची आई म्हणाली, "अस्सं."

बाहेर कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, तेवढाच आवाज. आणि मग गालिच्याकडे बघणारा मुलगा पहिल्यांदा बोलला. "लग्नाचा चॅप्टर परत करता येतो का?"

प्रांजल म्हणते, तेव्हा तिने त्याचे डोळे पहिल्यांदा बघितले.

ती म्हणाली, "रिव्हिजन म्हणून चालेल."

परीक्षा झाल्यावर लग्न झालं. आम्ही चौघांनी, म्हणजे सर धरून, सातही पावलं मोजली. सुभेदार मोठ्याने मोजत होते!

*

दुसऱ्या वर्षी सर आम्हाला कौटुंबिक न्यायालय बघायला घेऊन गेले. पांढरे-काळे कपडे, हातात वह्या. सुभेदारांनी काळा कोट इस्त्री करून घातलेला, मिशा पिळलेल्या. कॉरिडॉरमध्ये बाकडी, बाकड्यांवर माणसं. नवऱ्याकडची एका बाजूला, बायकोकडची दुसऱ्या बाजूला. लग्नाच्या हॉलमध्ये बसतात अगदी तशीच, फक्त कुणी जेवायला उठत नाही.

सुभेदार एका बाकड्यावर टेकले. एक तरुण मुलगी घाईघाईने आली, त्यांच्याकडे बघितलं, आणि "काका, जरा धरता? सही करून येते," म्हणत दीड-दोन वर्षांचं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवून समुपदेशकांच्या खोलीत गेली. बाळाने सुभेदारांच्या मिशा तपासल्या, त्यांच्या डाव्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि झोपून गेलं.

थोड्या वेळाने खोलीतून ती बाहेर आली आणि तिच्या मागून तिचा नवरा. तिला वाटलं होतं, हे नवऱ्याकडचे कुणी काका; त्याला वाटलं, बायकोकडचे. मग दोघांच्याही लक्षात आलं, ते एका अनोळखी मिशाळ म्हाताऱ्याच्या खांद्यावर गाढ झोपलंय.

ती म्हणाली, "उठवू नका. उठलं की रडतं."

तो म्हणाला, "हो. अर्धवट झोप झाली तर दिवसभर किरकिर करतं."

दोघं बसले, सुभेदारांच्या डाव्या बाजूला, शेजारी शेजारी, कारण उजवीकडे भिंत होती. आम्ही समोर खांबाजवळ उभे. त्यांचा पुकारा झाला तेव्हा वकील येऊन कुजबुजला. तिने बाळाकडे बोट दाखवलं, त्यानेही दाखवलं. वकील आत गेला, काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

तास-सव्वा तास ते तिघं आणि ते बाळ तिथे होते. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा यायचा, तो सरकत सरकत बाळाच्या पायावर आला तेव्हा त्या नवऱ्याने हाताने सावली धरली. आणि ती दोघं बोलत होती! अगदी हळू, बाळ उठू नये म्हणून. मधेच ती एकदा हसल्यासारखी वाटली. मधेच त्याने चेहरा पुसला.

बाळ उठलं. तिने घेतलं. तिघं आत गेले.

आम्ही सुभेदारांवर तुटून पडलो. "काय बोलत होते? सांगा ना! मिटलं का?"

सुभेदार आखडलेला खांदा चोळत म्हणाले, "डाव्या बाजूला होते हो. काही ऐकू आलं नाही!"

*

हा पुढचा माझाच आहे. मी तो आधी कुणाला सांगितला नव्हता, वर्गात कसा सांगितला गेला तेही कळलं नाही.

सर म्हणाले, "ताबा. हा शब्द बघा. जमिनीचा घेतात, घराचा घेतात आणि लेकरांचाही घेतात." मग म्हणाले, "न्यायाधीश कधी कधी मुलांना चेंबरमध्ये बोलावून विचारतात. काय सांगत असतील मुलं?"

माझा हात वर गेला होता. मी तो बघितला आणि मलाच नवल वाटलं.

मी नऊ वर्षांची होते. आई शाळेमागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायची, बाबा पंचवटीत. मावशीने मला एक उत्तर पाठ करून दिलं होतं, आत्याने दुसरं. दोन्ही मला कवितेसारखी येत होती. जज्जसाहेबांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, आत निळे बुडबुडे. मी वाकून त्यातून बघितलं तर सगळी खोली निळी, जज्जसाहेब उलटे आणि अगदी छोटे दिसत होते. ते म्हणाले, "बाळा, तुला कुणाजवळ राहायचंय?"

दोन्ही कविता विसरल्या. मी म्हटलं, "शाळेजवळ."

ते हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मला आई मिळाली, कारण आईची खोली शाळेमागे होती. आणि तीन महिन्यांनी बाबांनी पंचवटीतली जागा सोडली आणि शाळेच्या गेटसमोर, सायकलच्या दुकानावर, एक खोली घेतली. आई-बाबा पुढे कधीच एकमेकांशी बोलले नाहीत. पण मधल्या सुट्टीत मी मैदानाच्या मध्ये उभी राहिले की एका बाजूला आईच्या वाळत घातलेल्या साड्या दिसायच्या आणि दुसऱ्या बाजूला बाबांचा शर्ट. वारा आला की दोन्ही एकदम हलायचं.

मंदाताईंनी माझ्या वहीवर हात ठेवला होता. त्यांच्या बोटांना झेंडूचा वास.

सरांनी विचारलं, "जज्जसाहेबांनी नेमकं काय लिहिलं असेल?"

"मी वाचायला बघितलं होतं सर. अक्षर फार वाईट होतं, लागलं नाही."

सुभेदार म्हणाले, "अच्छा! म्हणून तुम्ही फार्मासिस्ट झालात होय?"

आणि मी हसले. त्या गोष्टीवर मी पहिल्यांदाच हसले.

*

मंदाताईंची तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक, चष्मा नाकावर, समोर चहाचा कप. पगारे सर शेजारी बसलेले, त्यांनीच नंतर सांगितलं.

परीक्षक म्हणाले, "क्रूरतेचं एक उदाहरण द्या."

"नवरा बोलत नाही," मंदाताई म्हणाल्या.

"मारतो? शिवीगाळ?"

"नाही. बोलतच नाही."

"अहो, नुसतं न बोलणं ही क्रूरता कशी? उलट शांतता म्हणा की!" परीक्षक स्वतःच्या विनोदावर हसले. "बरं, समजावून सांगा."

मंदाताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या गप्प बसल्या.

परीक्षक थांबले. चहाचा घोट घेतला. "हं, बोला."

मंदाताई बघत होत्या. रागाने नाही, काही नाही. भिंतीकडे बघावं तसं.

"प्रश्न कळला ना? पुन्हा विचारू का?"

काही नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षकांनी कप सरकवला, पेन उचललं, ठेवलं. "अहो बाई, काहीतरी बोला ना! माझं काही चुकलं का?"

मंदाताई म्हणाल्या, "हे दोन मिनिटं झालं, सर. तिचं बावीस वर्षं चाललंय."

ती कोण, हे परीक्षकांनी विचारलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. मार्क मात्र वर्गात सगळ्यात जास्त पडले!

*

मंदाताईंचं माहेर निफाडकडचं. दोन भाऊ, मोठा रावसाहेब आणि धाकटा संजय. आठ एकर द्राक्षं. वडील गेल्यावर भावांनी हक्कसोड करायचं ठरवलं. म्हणजे बहिणीने कागदावर सही करायची की माझा हिस्सा मी सोडला. आमच्याकडे कितीतरी बहिणी ही सही करतात. त्या दिवशी साडी घेतात, जेवायला घालतात आणि गाडीने घरी सोडतात.

मंदाताई सही करायलाच गेल्या होत्या. त्यांनीच आम्हाला तसं सांगितलं होतं. म्हणाल्या, "कायदा मला पाठ हाय. पण भाऊ पण मला दोनच हायेत." प्रांजलला काहीतरी बोलायचं होतं, मी तिचा हात दाबला.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात नंबर लागला. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीने सही करताय ना?"

मंदाताई म्हणाल्या, "वाचून करते."

रावसाहेब म्हणाला, "मंदे, वकिलाने वाचलंय."

"मीबी होणार हाय वकील," म्हणून त्यांनी कागद उघडला आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचायला लागल्या. वर्गात वाचायची सवय! मागे रांग लागलेली. रांगेतल्या बायका पुढे सरकून ऐकायला लागल्या. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या. तिथे लिहिलं होतं, 'मला सदर मिळकतीत हिस्सा नको आहे.'

"हे खोटं लिहिलंय," मंदाताई म्हणाल्या.

"काय खोटं?"

"नको आहे, असं नाही. मला पाहिजे. ती बाग मी पण खुडलीय. पाहिजे, तरी मी देते, असं लिहा. नको असलेलं टाकतात. पाहिजे असलेलं देतात. मी टाकत नाही, देते."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. रावसाहेब लालेलाल. म्हणाला, "एका शब्दाचा काय फरक पडतो?"

"मग बदला की. काय फरक पडतो?"

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बरोबर बोलती बाई."

तेव्हा संजय, जो सकाळपासून गाडीची किल्ली बोटात फिरवत होता, तो पुढे आला. त्याने कागद ताईच्या हातातून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "चल ताई. भूक लागली," एवढंच म्हणाला.

सही झालीच नाही. रावसाहेब चार महिने बोलला नाही. मग एका सकाळी त्याचा फोन आला. मंदाताई वर्गात होत्या, उचलला. बोलून परत बाकावर येऊन बसल्या, चेहरा विचित्र.

"काय झालं?" मी विचारलं. "जमिनीचं काही?"

"नाही गं. विचारत होता, बागेवर कुठलं औषध मारू. आठ एकरात मीबी मालकीण, म्हणून आता सगळं विचारून करतो म्हणे!" त्या म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं? पण मालकिणीने गप्प कसं बसायचं? सांगितलं, आज धुकं हाय, उद्या मार!"

*

शेवटच्या वर्षी मार्चमध्ये पेठकडच्या एका पाड्यावर आमचं कायदेविषयक शिबिर होतं. सर, आम्ही चौघं आणि जीपमध्ये विवाह नोंदणीच्या फॉर्मचे गठ्ठे. घाट चढताना सगळ्यांना पेंग आलेली. पोचलो तेव्हा सकाळच होती आणि पाड्याभोवतीची मोहाची झाडं फुलं टाकत होती. टप, टप, असा बारीक आवाज, आणि हवेत असा गोड, जड वास की बोलायला गेलं तर शब्द सावकाशच निघत होते.

सरांनी जीपमध्येच समजावलं होतं. त्या भागात लग्न लावायचं म्हणजे सगळ्या गावाला जेवण घालावं लागतं. ते जमेपर्यंत माणसं तशीच एकत्र राहतात, संसार करतात, मुलं होतात, आणि सवड झाली की लग्न लावतात. कधी कधी बापाचं आणि मुलाचं एकाच मांडवात लागतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. "आपण न्याय करायला चाललेलो नाही," सर म्हणाले. "फॉर्म भरायला चाललोय. विचारायचं, आणि सांगतील ते लिहायचं."

शाळेच्या ओट्यावर मी टेबल मांडलं. शेजारी मंदाताई. दुपारपर्यंत वीसेक जोडपी झाली. मग एक म्हातारा आला. हातात टोपली, टोपलीत मोहाची फुलं. सडसडीत, पांढरी दाढी, नाव सोमा. त्याच्या चार पावलं मागे एक बाई, जनीबाई, कडेवर नातू. तिला बसा म्हटलं तर ती बसली नाही, ओट्याच्या कडेला झाडाखाली उभी राहिली.

मी फॉर्म ओढला. "मुलं किती?"

"चार," सोमाबाबा म्हणाला.

"नातवंडं?"

त्याने बोटं मोजली, झाडाकडे बघितलं. तिने तिकडूनच सांगितलं, "नऊ."

"लग्नाची तारीख?"

सोमाबाबा टोपलीतली फुलं सारखी करायला लागला.

"साधारण सांगितलं तरी चालेल बाबा. उन्हाळ्यात की पावसाळ्यात?"

"लगीन झालं नाय अजून," तो म्हणाला.

मी पेन थांबवलं. "किती वर्षं एकत्र आहात?"

"मोठा पोर चाळीसचा हाय."

मंदाताई पुढे सरकल्या. त्यांना अशा वेळी राहवत नाही. "अहो बाबा, मग आता करून टाका! पुढच्या महिन्यात गावात सामुदायिक लग्न हाय, सरपंचच सांगत होते. जेवण त्यांचं, मांडव त्यांचा. तुम्हाला फक्त उभं राहायचंय. जेवणावाचूनच अडलंय ना?"

"जेवणावाचून नाय अडलं," सोमाबाबा म्हणाला. "माझा बाप होता तवाच बोकड बांधला होता. मी तयार हाय. पहिल्या दिवसापासून तयार हाय."

"मग?"

त्याने मागे वळून बघितलं. मग टेबलावर वाकला आणि आवाज खाली आणून आम्हाला म्हणाला, "ती हो म्हणली नाय अजून."

मंदाताईंनी माझ्याकडे बघितलं, मी मंदाताईंकडे. तारखेचा रकाना समोर कोरा. झाडावरून एक फूल फॉर्मवर पडलं.

मी उठून जनीबाईंजवळ गेले. त्यांनी नातवाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मी विचारलं, "बाई, काय लिहू?"

त्यांनी सोमाबाबाकडे बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश, जणू आत्ताच तो डोंगर उतरून पाड्यात आलाय आणि कुणाकडचा कोण ते अजून कळायचंय. तो टोपली धरून उभाच. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या,

"माणूस बरा वाटतोय. पण इतक्यात कसं सांगू?"